पाटीवरचे बागायतदार

मोंढ्यात आडतीची गादी आणि लोखंडाच्या कारखान्यात चार आण्यांची भागी असलेल्या जालन्यातील सद्गृहस्थांना उतारवयात जे नानाविध शौक जडतात, त्यांत कॉफीच्या मळ्याची नवी भर पडली आहे. चिखलदऱ्याची सहल आणि तेथील कॉफीत गुंतवणूक असा जोडप्रस्ताव ऐकण्यासाठी मंगल कार्यालयात परवा जी सभा भरली, तीत ते स्थान समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंच असल्याचे, महाराष्ट्रातील कॉफी प्रामुख्याने तेथलीच असल्याचे व भीमाने कीचकास मारून लोटले ती दरीही तीच असल्याचे सांगण्यात आले. गुंतवणुकीच्या सभेत कीचकाचे स्मरण शुभ की अशुभ, हा विचार तूर्त बाजूस ठेवू.

माझे चित्त गुंतले ते पाटीत. प्रत्येक गुंतवणूकदारास एक झाड आणि त्या झाडास त्याच्या नावाची पत्र्याची पाटी, असा करार आहे. जमीन मिळणार नाही. कारण मेळघाटात बरीचशी जमीन जंगलखात्याची, उरलेल्यातली बरीच कोरकू खातेदारांची, आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून इतरांच्या नावे चढत नाही. जमीन नाही म्हणून झाड. झाडही उपटून आणता येत नाही म्हणून झाडाचे उत्पन्न. उत्पन्न तीनचार वर्षे येत नाही म्हणून तोवर पाटी. आता या पाटीची वारसनोंद कोण करणार? खातेदार मयत झाल्यास थोरल्याने उजवी फांदी व धाकट्याने डावी घ्यावी, की झाड सामाईक राखून फळांची वहिवाट आळीपाळीने करावी? बहिणींची हक्कसोडपत्रे लागतील काय? अस्वलाने फळे खाल्ली तर ते अतिक्रमण समजून तलाठ्यास पंचनाम्यासाठी पाचारण करावे, की अस्वल मूळचा कब्जेदार असल्याने त्यालाच कूळ मानून मोकळे व्हावे? वादळात पाटी उडून शेजारच्या झाडास अडकली, तर मालकी पाटीबरोबर जाते की मुळांबरोबर राहते, यावर दिवाणी न्यायालयात दोन पिढ्यांची सोय होईल. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणून कर्नाटकाच्या डोंगरात रुजवल्या अशी परंपरा आहे. त्या सातांपैकी एकीवरही कोणाच्या नावाची पाटी असल्याचे परंपरा सांगत नाही, आणि तरीही आज देशातील बहुतांश कॉफी त्याच प्रांतात पिकते, हे पाटीशास्त्राच्या दृष्टीने गूढच म्हटले पाहिजे.

सागवानाच्या योजनांत याच वर्गाने 1990 च्या दशकात पैसे गुंतवले होते. त्या सागाचे पुढे काय झाले, हे विचारणे शिष्टसंमत नाही.

परंतु मला खरा संताप येतो तो निराळ्याच कारणाने. ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, त्या जिल्ह्यातील धनिकास झाडाचे प्रेम अचानक मेळघाटात का फुटावे? 2012-13 च्या दुष्काळात बदनापूर-अंबडकडच्या बागाईतदारांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवली, पाणी पुरेना तेव्हा बहार सोडला, आणि अखेरीस दहा-बारा वर्षे लेकरासारखी वाढवलेली झाडे स्वतःच्या हातांनी तोडून सरपणाच्या भावाने घातली. त्या झाडांवर पाटी लावण्यास मोंढ्यातून एकही सद्गृहस्थ फिरकला नाही. मोसंबीस सावली लागत नाही, धुके लागत नाही, सहल लागत नाही. लागते ते पाणी, आणि पाण्यात पैसा घालणे म्हणजे गाळ काढणे, बांध घालणे, विहिरीत उतरणे. त्यात छायाचित्र चांगले येत नाही. कॉफीच्या झाडापाशी शाल पांघरून उभे राहिले की येते.

सभेच्या अखेरीस एका वयोवृद्ध आडत्यांनी उठून, पाटीवर आपल्या नावाखाली सौभाग्यवतींचेही नाव घालता येईल काय, असा प्रश्न विचारला. व्यासपीठावरून तत्परतेने उत्तर आले: “काका, त्यासाठी दुसरे झाड घ्यावे लागेल. पाटीचे पैसे मात्र वेगळे पडतील.” काकांनी तेथेच दोन झाडांचे धनादेश फाडले.