रिक्षासह परीक्षण

दिंडोशीत राहणाऱ्या माणसाला सिनेमाबद्दल मत नसेल, तर त्याचं रेशनकार्ड एकदा तपासून घ्यावं. एकीकडे दादासाहेब फाळके चित्रनगरी, दुसरीकडे हायवेलगतचा मॉल आणि त्यातले पडदे, मधे आम्ही. १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली तेव्हा इथे डोंगर, झाडी आणि बिबटे होते. पुढे मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून नागरी निवारा वसवला आणि माणसंही आली. बिबटे अजून आहेत. अधूनमधून मालिकेच्या सेटवर येऊन जातात. इथल्या रहिवाशांपैकी सिनेमावर न बोलणारे तेवढेच.

बोलणाऱ्यांचे मुकुटमणी म्हणजे आमच्या इमारतीतले काका. असा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो, पण आमचा जरा वरच्या प्रतीचा आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शुक्रवारी सिनेमा बघायचा आणि शनिवारी सकाळी दूध आणायला उतरताना जिन्यात निकाल द्यायचा, हे त्यांचं व्रत. निकालाला अपील नाही.

काकांचा सिनेमा घराला कुलूप लावल्यापासून सुरू होतो. रिक्षावाल्याने "इतक्या जवळ नाही जाणार" म्हटलं की एक तारा गेला. सुरक्षारक्षकाने पिशवीतले काकूंच्या हातचे शंकरपाळे काढून ठेवले की दुसरा. मग पॉपकॉर्नचा भाव, शेजारच्याने बळकावलेला हात टेकायचा दांडा, मागून खुर्चीला बसणारे लहान मुलाचे गुडघे आणि शीतपेट्यांशी स्पर्धा करणारा एसी. पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र येईपर्यंत मत तयार असतं. उरलेल्या अडीच तासांत बिचारा दिग्दर्शक काय करणार?

'शोले' हा साधारण सिनेमा आहे, असं मानणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. काकांनी तो १९७५ साली मिनर्व्हात पाहिला, गिरगावातून भर पावसात चालत जाऊन, ब्लॅकचं तिकीट काढून. मध्यंतरापूर्वी अंधारात त्यांची नवी कोल्हापुरी चप्पल पायातून निसटली आणि उतारावरून पुढच्या रांगांकडे गेली. ठाकूरचे हात तुटले तेव्हा काका खुर्चीखाली चाचपडत होते. "त्याचे दोन हात गेले, माझा एकच जोड होता," असं ते आजही खऱ्या दुःखाने सांगतात. 'शोले' पुढे मिनर्व्हात पाच वर्षं चालला. काका घरी अनवाणी चालले.

उलट २००७ सालचा 'राम गोपाल वर्मा की आग' त्यांना बेहद्द आवडला. 'शोले'चीच ही नवी आवृत्ती, जयचा अमिताभ यात खलनायक झालेला आणि परीक्षकांनी एकमुखाने झोडपलेला. पण त्या दिवशी सकाळीच घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला होता. थिएटर रिकामं होतं, पुढच्या खुर्चीवर पाय ठेवता आले आणि दोन्ही दांडे त्यांचेच. "लोकांना कळला नाही तो," असं म्हणून काका मान हलवतात.

'कोर्ट'ची कथा याहून करुण. २०१५ च्या एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेचा हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला सिनेमा लागला आणि त्याच दिवसांत काका एका वादात साक्षीदार म्हणून दिंडोशीच्या सत्र न्यायालयात होते. दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख घेतली आणि विरंगुळा म्हणून थेट थिएटर गाठलं. पडद्यावरही तारीख पडली तेव्हा काका उठून बाहेर आले. "हा सिनेमा नाही, ओव्हरटाइम आहे," हा त्यांचा निकाल. दिग्दर्शकाला याहून मोठी दाद कोणी दिली असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी मराठी चित्रपटांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात पडदा द्यायचं सरकारने ठरवलं. काकांनी त्याचा अर्थ वरणभात जेवून जायचं असा घेतला. तेव्हापासून मराठी सिनेमा त्यांना संथ वाटतो. विनोदी असला तरी.

शेजारी असतात काकूच. त्याच गारठ्यात आणि त्याच शंकरपाळ्यांच्या वियोगात. पण काकूंना बहुतेक सिनेमे आवडतात, कारण त्या तीन तासांत कुणी चहा मागत नाही. 'बाईपण भारी देवा' मैत्रिणींबरोबर नऊवारी नेसून पाहिला तेव्हा काका बरोबर नव्हते. तो त्यांना सर्वांत जास्त आवडला. यातलं श्रेय केदार शिंदेंचं किती आणि काकांच्या गैरहजेरीचं किती, हे मी विचारलेलं नाही.

आम्ही शेजारी अर्थातच शहाणे झालो. सिनेमा कसा होता हे आम्ही आधी विचारतच नाही. "रिक्षा मिळाली का? मागचा गुडघा कसा होता?" असं विचारतो. काका मोकळे होतात, रिक्षावाल्यापासून एसीपर्यंत सगळं ओकतात. मग हळूच सिनेमाकडे वळलं की एकदम समतोल बोलू लागतात. पटकथा, छायाचित्रण, सगळं. गंमत म्हणजे नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली नेमकं हेच मांडलं. त्यांनी लोकांना फोनवर विचारलं, आयुष्यात समाधानी आहात का? ऊन पडलेलं असताना उत्तरं बरी आली, पावसाळी दिवशी रडकी. पण आधी सहज हवामानाची चौकशी केली तर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला, कारण उदासी पावसाची आहे हे माणसाच्या ध्यानात आलं. त्यांना त्यासाठी प्रयोग करावा लागला. आम्हाला जिना पुरला.

काकांना हसणं सोपं आहे. पण वर्तमानपत्रात साडेतीन तारे छापून येतात, तेव्हा परीक्षकाला त्या सकाळी पित्त झालं होतं का, हे छापत नाहीत. काका आपलं पित्त उघडपणे सांगतात. तेवढा प्रामाणिकपणा मला छापील परीक्षणात क्वचितच दिसला आहे, म्हणून त्यांचं एकही चुकवत नाही.

सध्या आमची लिफ्ट बंद आहे आणि काका पाचव्या मजल्यावर राहतात. त्यामुळे या शुक्रवारचा सिनेमा पडला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार आहे, तोवर आमच्या शब्दावर विसंबून तिकिटं रद्द करू नका.