मूळव्याध

पेणला लग्नाच्या पंगतीत विनोद सांगायचा असेल तर आधी मांडवात नाना आहेत का, ते बघून घ्यावं लागतं. गेल्या वैशाखात मी बघितलं नाही. जिलबी फिरत होती, मंडळी रंगात आली होती, आणि मी अत्र्यांचा तो किस्सा काढला. सभेत एक बाई तावातावानं म्हणाल्या, "तुम्ही माझे नवरे असतात तर मी तुमच्या चहात विष कालवलं असतं!" अत्रे म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या बायको असतात तर मी तो प्यायलोही असतो."

पंगत हसली. समोरच्या ओळीतून एक हात वर आला. हातात मठ्ठ्याचा पेला.

"कुठे छापलंय?"

संपलं. हा चहा म्हणे मुळात कॉफी. अत्र्यांआधी ती चर्चिलच्या कपात होती आणि विष कालवणाऱ्या लेडी ॲस्टर. पण 1899 च्या नोव्हेंबरात हाच विनोद अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात बिननावाचा छापून आलेला. चर्चिल तेव्हा चोविशीतला, बोअरांच्या कैदेत पडलेला, आणि ॲस्टरबाई पार्लमेंटात यायला अजून वीस वर्षं होती. "आणि तुझे अत्रे," नाना मठ्ठा संपवत म्हणाले, "सव्वा वर्षाचे. त्या वयात पोर दूध पितं, चहा नव्हे." जिलबीवाला वाढपी तोवर पुढच्या पंगतीकडे निघून गेला होता.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीभर पाणी कुठून आलं ते बघितलं, आता वाक्य कुठून आलं ते बघतात. पिशवीत दोनशेपानी वही. मोबाइलवर पुलंच्या फोटोखाली काही चमकदार आलं की उलटटपाली दोनच शब्द: "पुस्तक? पान?" वपुंच्या नावावर जेवढं फिरतं तेवढं त्यांनी खरंच लिहिलं असतं तर मुंबई महापालिकेतली नोकरी त्यांना पहिल्याच वर्षी सोडावी लागली असती, हे नानांचं मत. हे मात्र मला पटतं.

एकदा मीच ग्रुपवर मार्क ट्वेनचं म्हणून टाकलं, की खरं चपला शोधत असतं तोवर खोटं अर्धं जग फिरून येतं. ट्वेन वारला 1910 साली. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1710 मध्ये, जोनाथन स्विफ्टनं लिहून ठेवलंय की खोटं उडत जातं नि खरं मागून लंगडत येतं. नानांनी हे सगळं कळवलं आणि खाली लिहिलं, "तुझं खरं अजून नागोठण्यालाच आहे."

नागोठणं त्यांच्या रस्त्यातलंच. दर बुधवारी ते दिवा-रोहा गाडी धरतात. कासू, नागोठणे, निडी, रोहा. मग भाटे वाचनालय. एकदा मीही बरोबर गेलो. परतताना कुंडलिकेच्या काठी थांबलो होतो, तेव्हा मी जपून ठेवलेलं शस्त्र काढलं. "नाना, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात."

त्यांनी नदीकडे बोट दाखवलं. "उन्हाळ्यात हिला एवढं पाणी कुठलं? भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं. भिऱ्याला येतं मुळशी धरणातून, डोंगर पोखरून. मुळशीचं धरण कुठल्या नदीवर?"

"मुळा."

"म्हणजे घाटावरची मुळा 1927 पासून इथे कुंडलिकेच्या नावावर खपतेय." वही उघडत म्हणाले, "आणि ती म्हण पहिल्यांदा कुठे छापली गेली, तेही बघायला हवं."

हरलो. पण बोच राहिली, आणि पुढच्याच आठवड्यात एसटी स्टँडसमोर चहा पिताना मी नानांना नाव ठेवलं: मूळव्याध. मूळ हुडकणारा व्याध, शिकारी. अशी फोड मी सभ्य माणसांना सांगायचो. बाकीच्यांना फोडीची गरज पडली नाही. पंधरवड्यात नाव गावभर झालं आणि एका गणपतीच्या कारखान्यात नानांच्या कानावर गेलं.

मी तिथेच होतो. कारागीर श्वास रोखून आखणी करत होता. बारीक ब्रश डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरला आणि नुसती पांढरी मूर्ती आपल्याकडे बघायला लागली. नाना रागावले नाहीत. म्हणाले, "कोटी चांगली आहे. कोणाची?"

"अत्र्यांचीच असणार," कारागीर ब्रश धुत म्हणाला. "साचा एकच असतो हो नाना. डोळे आखले की कुणी टिटवाळा म्हणतो, कुणी दगडूशेठ."

नानांनी मान डोलावली. कोटी जुनी असणार, आपल्याला फक्त लावलीय, असं त्यांचं अनुमान. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, ती माझी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुठे छापलंय?"

सध्या ते अत्र्यांच्या 'मराठा'चे जुने अंक मिळवताहेत. नोव्हेंबर 1956 पासून सुरुवात करणार आहेत.