गटारी कोणत्या रकान्यात?

मार्केटिंगवाले त्याला ‘कंटेंट कॅलेंडर’ म्हणतात. असतो एक्सेलचा तक्ता. तारीख, निमित्त, मजकूर, चित्र आणि शेवटी ‘ॲप्रूव्ह्ड बाय’ हा रकाना, जो बहुधा रिकामाच. जानेवारीत तक्ता भरून टाकला की वर्षभर डोक्याला ताप नाही, अशी एक गोड समजूत आहे. मग २१ जूनला योगदिनाच्या शुभेच्छा तेलवालाही देतो आणि पाण्याच्या टाक्या विकणाराही. टाकीशेजारी पद्मासन घालून बसलेली बाई मी स्वतः पाहिली आहे.

मसाल्याच्या धंद्यात मात्र असे भागत नाही. त्यात तक्ता दिल्लीहून येणार असेल तर देवच वाली. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. तिकडून ‘सावन स्पेशल’ साबुदाणा येऊन धडकतो, तेव्हा इकडे आषाढ सरत आलेला, मटणाच्या दुकानापुढे रांग, आणि प्रश्न एकच, गटारी कोणाच्या गच्चीवर? मटण मसाला खपायचे हेच तर दिवस. त्यात उपवासाची खिचडी शिकवणाऱ्याला काय म्हणावे!

२०२३ साली तर अधिक श्रावण आला. १७ जुलैला आषाढी अमावास्या, दुसऱ्या दिवसापासून अधिक, आणि निज श्रावण थेट १७ ऑगस्टला. घरोघरी दोन पक्ष पडले. “अधिक कोणी पाळत नाही हो,” म्हणणाऱ्यांना शास्त्राधार एका रात्रीत सापडला. म्हणजे गटारी दोन. यातली ‘ऑफिशियल’ कोणती, हे दिल्लीला कोण सांगणार?

खरे तर मसाल्याचे वर्ष सणांवर चालतच नाही, ते बरणीवर चालते. मार्च ते मे लालबागच्या मिरची गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीचे ढीग लागतात. मिरची उन्हात वाळवायची, डंकावर कांडून आणायची आणि पावसाच्या आत बरण्या भरायच्या. त्या दिवसांत बाईला तयार पाकीट दाखवू नये. एक किलो मिरचीला धणे किती, ते सांगावे. ती आज पाकीट घेणार नाही, कबूल. पण थंडीत बरणीचा तळ दिसू लागतो, आणि नेमका तेव्हा तक्त्यात ‘न्यू इयर रिझोल्यूशन’ असते.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले. पुढच्या बाजूला तिथी आणि पान उलटले की वाचायला मजकूर, पाककृतीसुद्धा. भिंतीवर वर्षभर टिकणारा असा मजकूर आजच्या कोणत्या पोस्टला जमला आहे?

आता २०२६ चा तक्ता पाहा. २१ जूनच्या ओळीत योगदिनाबरोबर फादर्स डे आहे. पण १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे जावयांचा महिना, त्याची ओळच नाही. तीन वर्षांनी एकदा सासूबाई तेहतीस अनारसे मोजून देतात, आणि वेलची-खसखस विकणाऱ्यांना पत्ता नाही! ओळ घालायची तर तीही बेताने. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग पीठ गुळात मुरत ठेवायचे. तेव्हा ही पोस्ट १७ मेला टाकून उपयोग नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात टाका, आणि ‘ॲप्रूव्ह्ड बाय’च्या रकान्यात एखाद्या सासूबाईंची सही घ्या.