जळक्या ऑइलचे भाई

पेडण्यात जा नाहीतर डिचोलीत, दर वाड्यावर एक भाई असतातच. गाडीचं ऑइल ते स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने बदलतात. परवडत नाही म्हणून नव्हे. म्हापशात गॅरेजं पुष्कळ आहेत. पण तिथला पोरगा ड्रेन प्लग नुसता आवळतो, आणि भाई तो 'बसवतात'. या दोहोंतला फरक ते कोणी न विचारताच समजावून सांगतात.

डिचोलीच्या भाईंना निदान इतिहास आहे. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचा दहा टनी टिपर खनिज घेऊन जेटीवर फेऱ्या मारायचा. फेरी बुडू नये म्हणून रात्री बल्ब लावून त्याचं ऑइल घरीच बदललं जायचं. 2012 साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 साली परत बंद. टिपर गंजला, पण हाताची खाज काही गेली नाही. आता ती तीन सिलिंडरच्या लहान गाडीवर भागवावी लागते. हे पावणेतीन लिटर म्हणजे त्यांना बाळाला चमच्याने औषध पाजल्यासारखं वाटतं. पेडण्याच्या भाईंकडे असा इतिहास नाही. त्यांचा भाचा मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो, तेवढ्या अधिकारावर ते बोलतात.

मुहूर्त ठरलेला: श्रावणातला पाऊस उघडलेला रविवार. मासळी नाही, त्यामुळे सकाळी बाजारात जाऊन करायचं काय? शिवाय चवथ तोंडावर. पुढची चाकं दोन चिऱ्यांवर चढतात, मागच्यांना उटी लागते. खाली वर्तमानपत्र अंथरायचं, पण निधनवार्तांचं पान सोडून. त्यात एखादा ओळखीचा निघायचा, आणि त्याच्यावर ऑइल सांडलेलं बरं दिसत नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. मग भाई गाडीखाली जातात. तिथून पुढे बाहेर फक्त चपला आणि आवाज.

"नरसाळं खंय?"

नरसाळं वहिनींचं. मे महिन्यात त्यांनी त्यातून कोकमाचं आगळ बाटल्यांत भरलं होतं. ते एकदा अंगणात गेलं की परत घरात घ्यायचं नाही, असा वहिनींचा नियम. म्हणून दरवर्षी नवं नरसाळं येतं.

फिल्टर निघाला की भाई उठून बसतात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर ऑइल गळतं, हे खरंच आहे. ती रिंग भाई जमलेल्या प्रत्येकाला हातात घेऊन बघायला लावतात. मग चिमटीत जुनं ऑइल चोळून, वास घेऊन, "बघ, कसं काळं झालंय" म्हणतात. माणसं हळहळतात. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे आणि नुसतं काळं पडलं म्हणजे ते वाया गेलं असं नव्हे, हे भाईंना ठाऊक असतं. पण तेवढं ते सांगत नाहीत.

एव्हाना कुंपणापलीकडून पहिली हाक आलेली असते. "भाई, माका मातशें दवर हां!"

माझ्या मते सगळा खटाटोप इथे पोचण्यासाठीच. या जळक्या ऑइलला वाड्यावर जी मागणी आहे ती नव्याला नाही. कोणाला कुंपणाच्या खांबांना हवं, कोणाला गेटच्या बिजागरीला, कोणाच्या वाशांना वाळवी लागलेली. कायद्याने हा घातक कचरा. तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा, आणि भाईंची विहीर तर हाकेच्या अंतरावर. पण हातात रिकामी बाटली घेऊन उभ्या असलेल्या रांगेला हे सांगणार कोण? भाई मापून देतात. गेल्या वर्षी ज्याने जॅक उसना नेऊन परत केला नाही, त्याची बाटली यंदा अर्धीच भरते.

गाडी म्हणाल तर शुक्रवारी म्हापशाचा बाजार आणि कधीमधी एखादं लग्न, एवढीच धावते. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं स्वच्छ असतं. पण समोरच्या घराच्या स्लॅबचा दिवस ठरला आणि कंत्राटदार सेंट्रिंगच्या प्लेटांना ऑइल शोधू लागला, की भाई सकाळी बॉनेट उघडून कान लावतात आणि वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "इंजिनचा आवाज बदललाय."