घोडं, घाट आणि छत्री

कोकण हा घोड्याचा मुलुख नाही, हे घोड्याला पहिल्याच दिवशी कळतं. माणसाला पटायला जरा वेळ लागतो. संगमेश्वरात तर अधिकच. इथं सपाट म्हणावी अशी जागा म्हणजे भाताचे कुणगे नाहीतर उन्हाळ्यातलं शास्त्री नदीचं पात्र. बाकी सगळा चढ किंवा उतार. पाखाड्या जांभ्याच्या. उन्हाळ्यात खडबडीत असतात आणि आषाढात त्यांच्यावर शेवाळ धरतं. जन्मभर त्याच पायऱ्यांवरून अनवाणी गेलेली आमची म्हातारी माणसंसुद्धा तेव्हा गडग्याला हात लावून उतरतात. नाल मारलेल्या जनावरानं कशाला हात लावायचा?

तरी 2025 मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ सिनेमा आला, कसब्याला बाहेरच्या गाड्या थांबू लागल्या आणि आमच्या चार तरुणांच्या डोक्यात घोडा शिरला. कर्णेश्वराच्या देवळापासून शृंगारपूरपर्यंत घोड्यावरून रपेट काढायची! पुढे प्रचितगड. तिथे शेवटी शिडी आहे, हे कोणीतरी सांगून बघितलं. ‘घोडा खाली बांधू’ असं उत्तर आलं. कोकणी माणूस अडचणीला घाबरत नाही. तिला खाली बांधून वर जातो.

घोडा या गावाला नवा नाही. 1 फेब्रुवारी 1689 ला मुकर्रबखानाचे स्वार कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून इथं पोचले आणि संभाजी महाराज पकडले गेले. घाट आणि रान आपल्याला राखतील, हा भरवसा त्या दिवशी मोडला. त्यावर थट्टा करायची माझी छाती नाही. फक्त एवढं मनात येतं, की या वाटांनी घोडी आणणं अशक्य नव्हतं, अवघड होतं. आणि अवघड वाटेवर घोडा न्यायचा तर आधी काय करावं लागतं, ते या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते म्हणजे घोड्यावरून उतरणं.

घोड्याचं गणितच तसं आहे. नुसता उभा असला तरी त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो. उतार लागला की आणखी भार पुढे सरकतो, आणि वर बसलेला वीर भीतीने मानेवर ओणवा झाला की उरलासुरलाही. म्हणून साध्या उताराला अंग किंचित मागे ठेवायचं, लगाम ढिला सोडायचा, म्हणजे त्याला मान खाली घालून वाट बघता येते. पायऱ्या किंवा शेवाळ आलं की मुकाट्यानं खाली उतरून त्याच्या खांद्याशेजारून चालायचं. पुढे चालायचं नाही; घसरलाच तर आपल्या अंगावर येतो. आता सांगा, संगमेश्वर तालुक्यात हे नियम पाळले तर माणूस घोड्यावर कितीसा बसेल? कसब्यापासून शृंगारपूरपर्यंत घोडाच माणसाला फिरवून आणेल, दोघेही पायी.

महाराष्ट्रातली सगळ्यात सुरक्षित रपेट माझ्या मते वारीतल्या रिंगणात होते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो, पण माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. तो मोकळा धावतो आणि लाखभर माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

आमच्या वाडीत मध्यंतरी एका लग्नाला घोडा आला. आला म्हणजे टेम्पोत उभा राहून, आंबा घाट उतरून, साखरप्यावरून. घोडा गाडीतून आणि वऱ्हाड पायी, अशी ती मिरवणूक होती. नवरदेव आमचा पोफळीवर सरसर चढणारा गडी. घोडेवाला कोल्हापूरकडचा, शांत माणूस. त्यानं तंग आवळला, घोड्याला चार पावलं फिरवलं आणि पुन्हा आवळला. मी विचारलं, तर म्हणाला, “पोट फुगवून धरतंय जनावर. आत्ताच सोडलं बघा.” पहिल्यांदा आवळलेल्या तंगावर विश्वास ठेवणारा स्वार खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जातो, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यानं नवरदेवाचे पाय रिकिबीत बसवले. पायाचा चवडा तेवढा आत, टाच खाली. अख्खं पाऊल आत गेलं आणि माणूस पडला, तर पाय अडकतो आणि घोडा त्याला फरफटत नेतो. पडण्यापेक्षा हे वाईट. नवरदेवाच्या पायात मोजडी होती, टाच नसलेली. घोडेवाल्यानं ती बघून नुसतं “हं” केलं.

सगळं ठीक चाललं होतं. बँडवाल्यांना त्यानं लांब ठेवलं, फटाके बंद करायला लावले, पोरांना ओरडला, “मागं हुबं ऱ्हाऊ नगासा!” घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूनं, काहीतरी बोलत जावं. आमची रीत नेमकी उलटी. आम्ही कोणालाही मागून गाठतो आणि मग विचारतो, “काय, खंय चाललास?”

आणि मे महिन्याचं ऊन म्हणून नवरदेवाच्या मामांनी छत्री उघडली. काळी, लांब दांड्याची, ‘फट्’ करून उघडणारी. घोडा लढाऊ म्हणून आपण त्याचे पुतळे उभारतो, पण मुळात तो पळणारा प्राणी. अनोळखी वस्तू झेपावली की आधी पळायचं, विचार नंतर. त्यानं जागच्या जागी उडी घेतली. नवरदेवानं सवयीनं दोन्ही हातांनी मिठी मारली. हाताला पोफळीऐवजी मान लागली एवढंच. पडला नाही. मुंडावळ्या मात्र घोड्याच्या आयाळीत गुंतल्या आणि पुढचं अंतर त्या दोघांनी एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत काढलं. घोडेवाला लगाम धरून इतका वेळ पुटपुटत होता, ते घोड्याला समजावत होता की मामांना शिव्या देत होता, ते कळलं नाही. त्या दिवशी माझं मत पक्कं झालं. ज्या मुलखात माणूस चार महिने छत्रीखाली असतो, तिथं घोड्याला आधी छत्री दाखवावी, मग लगाम.

पावसाळ्याची धास्ती खुद्द शिवाजी महाराजांनाही होती. 1674 च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे त्यांनी चिपळूणच्या छावणीला धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका म्हणून आपण ते आठवतो. पण घोडेवाल्यानं ते घोड्यासाठी वाचावं. पागेसाठी जमवलेला दाणा आणि गवत हात सैल सोडून चाराल, तर भरपावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं त्यात बजावलंय. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूला विस्तव नेईल, कोणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढत नेईल, मग गवताच्या गंज्या आणि पागा दोन्ही जातील, हेही. राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. आमचे तरुण अजून हेल्मेटच्या रंगापाशी आहेत.

त्या पत्रातली काळजी आजही लागू आहे. घोड्याला ओकता येत नाही. बुरशी धरलेला पेंढा पोटात गेला की तो पोटातच राहतो आणि पोटदुखीनं घोडा जीव सोडू शकतो. श्रावणात आमच्याकडे बुरशी न धरलेली वस्तू कुठली? पापडाला धरते, चपलेला धरते, आहेराच्या शालूला धरते. ओल्यात उभं राहून खूर कुजतात ते वेगळंच. खूर रोज उचलून, खरडून, कोरडे करायला हवेत, आणि नालबंद घाटावरून बोलवावा लागणार.

माथेरानची गोष्ट निराळी. 1850 मध्ये मॅलेटसाहेबानं ती जागा हेरली आणि पुढे तिथं घोडा रुळला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पुष्कळ जण घोड्यावरून जातात. मातीही आमच्यासारखीच तांबडी. तिथं रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा नाल घसरतात म्हणून घोडेवाल्यांनी तक्रार केली. पिढ्यान् पिढ्या घोड्यामागे चाललेल्या माणसांची तक्रार, ती ऐकावी असं मला वाटतं. आमच्याकडे घोडा नाही, तक्रार करायला माणसं मात्र तयार आहेत.

तर सध्याची खबर अशी, की घोड्याआधी मंडळ निघालंय. मराठेशाहीत स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर; कर्जाच्या मोटारसायकलीवरून बैठकीला आलेले आमचे चौघे त्या हिशेबानं बँकेचे बारगीर. बैठकीत अध्यक्ष ठरला, खजिनदार ठरला, पावसाळ्यात रपेट बंद हे ठरलं, छत्रीबंदीवर मामांनी आक्षेप नोंदवला. घोडा एकच घ्यायचा, तोही वयस्कर आणि सोशिक, यावरही एकमत झालं. मग लिदीचा विषय निघाला. हापूसच्या कलमांना लीद चांगली. पहिल्या वर्षीची लीद कोणाच्या बागेत जाणार, यावर रात्री अकरापर्यंत वाद झाला, दोघे उठून गेले, आणि पुढची बैठक आता तेवढ्या एका विषयावर ठेवली आहे.