पंख्याचा पाच, रेडिएटरचा पाच

रेडिएटर या वस्तूची आणि माझी पहिली भेट खंबाटकी घाटात झाली. मामांची फियाट चढता चढता थांबली, बॉनेटखालून वाफ आली आणि मामा पाण्याचा कॅन घेऊन पुढं धावले. इंजिन गार करणारी, आणि ते न जमलं तर मामांना तापवणारी वस्तू म्हणजे रेडिएटर, ही व्याख्या तेव्हाच पक्की झाली. त्यामुळे नोकरीसाठी श्टुटगार्टला आल्यावर, खिडकीखाली भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पांढऱ्या लोखंडी धुडालाही रेडिएटरच म्हणतात आणि ते खोली गरम करतं, हे पचायला जरा वेळ लागला.

त्या धुडाच्या कडेला एक गोल मूठ असते. तिच्यावर १ ते ५ आकडे आणि एक चांदणी. १ ते ५ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पंख्याचा रेग्युलेटर येतो. घरात शिरलं की सरळ ५, घाम वाळला की ३, पहाटे कुणीतरी उठून १. मी दोन हिवाळे रेडिएटरही याच पद्धतीनं चालवला. मग कळलं की हे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. ३ म्हणजे साधारण २० अंश आणि पुढचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा. चांदणी म्हणजे नळ्यांतलं पाणी गोठू नये इतपतच ऊब. ५ वर नेल्यानं खोली लवकर तापत नाही. ती फक्त २८ अंशांपर्यंत थांबायचं नाव घेत नाही.

त्या मुठीच्या पोटात मेणाची किंवा द्रवाची एक कुपी असते. खोली तापली की कुपीतला ऐवज फुगतो, एक पिन आत ढकलतो आणि गरम पाण्याची वाट बंद करतो. खोली निवली की उलट. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये याचं पेटंट घेतलं. ना सेल, ना तार, ना पासवर्ड. इतकं शहाणं मेण घरात असताना मी ‘स्मार्ट’ थर्मोस्टॅटच्या नादी लागलो, कारण नाखत्सालुंग.

नाखत्सालुंग म्हणजे मागाहून भरायचे पैसे. इथं भाड्याबरोबर गरम करण्याच्या खर्चाचा अंदाजे हप्ता दरमहा जातो आणि खरा हिशेब पुढच्या वर्षी येतो. आपण उन्हाळ्यात आइस्क्रीम खात असतो आणि पाकिटातून गेल्या जानेवारीची ऊब बाहेर पडते. आमच्या पाकिटातून जरा जास्तच बाहेर पडली.

खोली एक अंश कमी तापवली की खर्च साधारण ६ टक्के वाचतो, असं इथं सगळे सांगतात. बायकोला २२ अंश लागतात, मला १९ पुरतात. २०२२ च्या हिवाळ्यात सरकारी कचेऱ्या १९ अंशांच्या वर तापवू नयेत असा नियम इथं आला होता, तो मी तिला ऐकवला.

“मग तू कचेरीतच झोपायला जा,” ती म्हणाली.

एकूण काय, वेळेप्रमाणे तापमान आपोआप वर-खाली करणारे थर्मोस्टॅट आणायचे ठरलं. मी एक्सेल उघडलं. चौदा रकाने. बायकोनं पंधरावा घातला: ‘आईंना चष्म्याशिवाय हातानं फिरवता येईल का?’ आई नोव्हेंबरात येणार होती. या एका रकान्यात निम्मा बाजार गारद झाला. काहींना बटणंच होती आणि ती तांदळाच्या कणीएवढी. काहींना राउटरशेजारी आणखी एक डबी लागायची. एकाला तर आधी खातं उघडून हवं होतं, जन्मतारखेसकट. पत्रिका जुळवायची होती की काय!

जुळायला हवेत ते आटे. ३० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतर, हे इथलं सर्वांत रुळलेलं माप. घरात पाच रेडिएटर. चौघांचे आटे पहिल्या भेटीत जुळले. स्वयंपाकघरातला पाचवा जुन्या घराण्यातला निघाला, त्याच्यासाठी मध्यस्थ म्हणून एक अडॅप्टर आणावा लागला. बाकी काम सोपं. व्हॉल्व्ह जागेवरच राहतो, फक्त मूठ बदलते, पाण्याचा थेंब सांडत नाही. जुन्या मुठी बुटांच्या खोक्यात घालून तळघरात ठेवल्या. घर सोडताना त्या परत बसवून द्यायच्या, असं घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठून तीनदा सांगितलं.

अखेर निवडलेला थर्मोस्टॅट साधाच होता. दोन पेन्सिल सेल, फिरवायला जाड कडं, ठसठशीत आकडा, मोबाइलशी ब्लूटूथनं बोलणारा. पहाटे सहाला तो जागा व्हायचा तेव्हा पोटातली मोटर ‘घर्र’ करायची. पहिल्या दिवशी बायकोनं उंदीर समजून मला उठवलं. पिन अडकून बसू नये म्हणून तो आठवड्यातून एकदा व्यायामही करायचा. मी करत नाही.

आई आली. तिनं स्वेटरवर स्वेटर चढवला, रेडिएटर पाहिला आणि कडं शेवटपर्यंत फिरवलं.

“आई, तो पंखा नाहीये.”

“कळतंय मला. पंख्यानं गार होतं.”

रात्री दहाला थर्मोस्टॅट ठरल्याप्रमाणे १७ वर आला. आईनं ३० वर नेला. सकाळी सहाला तो पुन्हा आपल्या मतावर. “कुणासारखा आहे कळत नाही,” आई माझ्याकडे बघत म्हणाली.

खरी लढाई स्वयंपाकघरात झाली. तापमान एकदम घसरलं की थर्मोस्टॅटला वाटतं खिडकी उघडली आहे, आणि तो पाणी तोडतो. जर्मन माणूस दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून घर हवेशीर करतो, तेव्हा ऊब फुकट जाऊ नये म्हणून ही सोय. सुक्या मिरचीच्या फोडणीचा तिच्यात कुठंच विचार नव्हता. आईनं फोडणी दिली की खिडकी उघडायची आणि रेडिएटर रुसायचा.

त्यातून दही. डिसेंबरात इथं विरजण लागता लागत नाही. आईनं पातेलं रेडिएटरवर ठेवलं आणि वरून माझी शाल गुंडाळली, थर्मोस्टॅटसकट. शालीच्या आत त्याला चैत्र लागला. खोली तापली समजून त्यानं व्हॉल्व्ह मिटला. सकाळी दूध जसंच्या तसं, स्वयंपाकघर गारठलेलं आणि आकडा मात्र अभिमानानं २६ दाखवत होता.

मी आईला सेन्सर समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तो स्वतःपुरतंच बघतो.”

त्या संध्याकाळी मी तळघरात जाऊन खोकं उघडलं आणि स्वयंपाकघरातली जुनी मूठ परत बसवली. शाल तिलाही फसवते, मेण म्हणून काही वेगळं नाही. पण आईनं मूठ ५ वर नेली आणि आता मध्ये येऊन ती खाली आणणारं कुणी नव्हतं. सकाळी कवडीचं दही. काढलेल्या थर्मोस्टॅटचे दोन सेल आईच्या बीपीच्या मशीनमध्ये गेले.

मोबाइल उघडला की चार खोल्यांपुढे अंश दिसतात. स्वयंपाकघरापुढे लिहून येतं: ‘उपकरण सापडत नाही. कृपया जवळ जाऊन पाहा.’ मी जवळ जातो, वाटी घेऊन.