आधणाविना चहा

"ऐकलंस का? भाऊंच्या स्वयंपाकघरात काल स्फोट झाला म्हणे!"

मी कुंपणाशी गेले होते गवती चहाच्या चार पाती मागायला. काकूंनी विळा खाली ठेवला आणि पातींच्या आधी बातमी हातावर ठेवली.

"स्फोट कसला काकू! मग जागेवर आहे, मायक्रोवेव्हची पेटी जागेवर आहे. फक्त पाणी उसळलं."

"उसळेल कसं? वहिनी अमेरिकेला गेल्यापासून त्या घरात गॅसची शेगडी पेटलेली नाही. लेकीचं बाळंतपण उरकून त्या येणार संक्रांतीनंतर. तोवर हा माणूस त्या पेटीवर जगतोय. सकाळी टिंग, दुपारी टिंग, चारला पुन्हा टिंग. इथे भांडी घासताना ऐकू येतं मला."

"त्या पेटीतच झालं. नवा कोरा काचेचा मग. पाणी ठेवलं नि पेपर वाचत बसले. परत येऊन बघतात तर एक बुडबुडा नाही. वाटलं, तापलंच नाही. पुन्हा बटण दाबलं. मग काढून त्यात चमचाभर चहा पावडर टाकली, तर अर्धा मग ओट्यावर, भिंतीवर आणि चष्म्यावर!"

"अगं बाई! भाजलं का फार?"

"बोटांवर थोडं. लगेच नळाखाली हात धरला म्हणून निभावलं."

"पण शांत पाणी असं अंगावर येतं? तू फिजिक्स शिकवतेस, तूच सांग."

"बुडबुडा धरायला काहीतरी कारण लागतं, काकू. तुमच्या पातेल्याच्या बुडाला चरे असतात आणि आचही बुडालाच लागते, म्हणून तिथून बुडबुडे सुटतात. काच गुळगुळीत, आणि पेटीत तापतं ते पाणी, मग नव्हे. त्यामुळे पाणी उकळण्याच्या पुढे जातं आणि तरी उकळत नाही. आपल्या नाशकात ते ९८ अंशांच्या आसपास उकळायला हवं, समुद्रापासून सहाएकशे मीटर उंचावर आहोत ना. भाऊंचं त्याही पुढे गेलेलं. पावडर पडल्याबरोबर कोंडलेली वाफ एकदम सुटली."

"वरून शांत, आणि एक शब्द पडला की… जाऊ दे. मला माझ्या धाकट्या जावेची आठवण झाली."

"तिचं नंतर सांगा. आधी भाऊंना सांगायला हवं की मगात आइस्क्रीमची लाकडी काडी टाकून ठेवा, तेच पाणी दोनदोनदा तापवू नका, आणि टिंग वाजल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका."

"सांगते. पण स्फोट राहिला बाजूला, तो चहा तरी होतो का गं? परवा मला दिला होता एक कप. पहिल्या घोटाला जीभ पोळली आणि तळाला कोमट फुळकवणी."

"हे मात्र अगदी खरं, आणि तुमच्या जिभेला आता चिनी शास्त्रज्ञांची साक्ष आहे. गॅसवर तळाचं पाणी तापून वर येतं, वरचं गार खाली जातं, सगळं आपोआप ढवळलं जातं. पेटीत वरचं पाणी जास्त तापतं आणि गरम ते वरच बसून राहतं. २०२० साली त्यांनी यावर शोधनिबंध छापला. ग्लासच्या काठाकडच्या भागाला चांदीचा मुलामा दिला, म्हणजे वरच्या पाण्यावर लहरींचा मारा कमी होतो आणि खालून तापायला लागतं."

"कपभर चहासाठी चांदी! त्यापेक्षा मध्येच थांबवून चमच्याने ढवळावं की."

"तेच. शोधनिबंधाशिवाय जमतं ते."

"आणि मुळात टप्पे कुठे आहेत त्यात? आधण ठेवावं, साखर टाकावी, आलं ठेचून घालावं. खळखळलं की पावडर. रंग उतरला की दूध, आणि मग वर आला की आच कमी, वर आला की आच कमी. भाऊ म्हणजे सगळं एकदम मगात कोंबतात. परवा चहा फाटला म्हणून दूधवाल्याला बोलत होते. तो बिचारा कानकोंडा होऊन गेला."

"दूध चांगलंच होतं, काकू. कच्चं आलं आणि दूध एकत्र ठेवून हळूहळू तापवलं असणार. आल्यात दूध साकळवणारा रस असतो, तो साठ-सत्तर अंशांत जोमाने काम करतो. तुम्ही आलं आधी पाण्यात उकळता, तिथेच त्याचा जोर संपतो. चीनच्या ग्वांगदोंगकडे तर लोक मुद्दाम गरम दूध आल्याच्या रसावर ओततात, ते वडीसारखं थिजतं, आणि चमच्याने खातात."

"म्हणजे भाऊंनी चिनी खरवस केला नि दोष गवळ्याला!"

"आणि पावडरीचंही तुमचं बरोबर आहे. आपली दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. पान चिरडायचं, फाडायचं, गोळी वळवायची. ते यंत्र १९३० साली आसामातच निघालं. ती गोळी दुधात उकळली की कडक होते. नुसत्या गरम पाण्यात ती सोडली की रंग येतो, उकळल्यासारखं अंग येत नाही. भाऊंनी लांब पानाचा बिनदुधाचा चहा केला असता, तर पेटीतलं पाणी पुरलं असतं. तापवायचं, बाहेर काढायचं, मग पानं घालून झाकायचं. झालं."

"बिनदुधाचा? तो काय आजारी पडल्यावर प्यायचा."

"वहिनींचा जावई रोज तसाच पितो. मगात पाणी, पेटीत दोन मिनिटं, वर पुडी बुडवायची. वहिनींनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला म्हणे."

"त्या एवढ्या श्रीमंत देशात साधी शेगडी पेटवता येत नाही?"

"तिथल्या घरात वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे २३०. विजेची किटली तिथे निम्म्या जोराने चालते, मग लोक म्हणतात पेटीच बरी. इंग्रजांच्या घरी किटली तीन किलोवॅटची, चटकन खळखळते. त्यांना हा प्रकार म्हणजे अधर्म वाटतो. २०२४च्या जानेवारीत काय झालं माहितीये? एका अमेरिकन रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने सांगितलं, चहात चिमूटभर मीठ घाला, कडवटपणा कमी लागतो. इंग्लंडात गहजब! तेव्हा लंडनच्या अमेरिकी वकिलातीने पत्रक काढलं की मीठ हे काही आमचं सरकारी धोरण नाही, आम्ही चहा योग्य पद्धतीनेच करत राहू, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये."

"वकिलातीने? चहावर?"

"थट्टाच होती. पण ब्रिटिश सरकारकडूनही उत्तर आलं, चहा किटलीतच व्हायला हवा म्हणून."

"सरकारंसुद्धा कुंपणावर गप्पा मारतात म्हणायची! पण मला खरं सांग, त्या किरणांचं काय? मुलाने दिलेली पेटी माझ्याकडेही आहे. मी एकदाही चालू केलेली नाही. थंडीत विरजण लावून आत ठेवते, दही सुरेख लागतं."

"बंद पेटीत किरणं कुठली यायला! बटण बंद झालं की लहरी त्याच क्षणी संपल्या, चहात काही शिल्लक राहत नाही. चालू असताना त्या बाराएक सेंटिमीटर लांबीच्या असतात, दाराच्या जाळीची भोकं इवलीशी, त्यातून बाहेर पडत नाहीत. दार मोडकं नसलं म्हणजे झालं. हां, तुमचा स्टीलचा पेला आणि सोनेरी काठाची कपबशी मात्र आत नको. त्या काठावर ठिणग्या उडतात."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"रडार बनवणाऱ्याच्या. पर्सी स्पेन्सर, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत होता. १९४५ साली रडारच्या नळीजवळ उभा असताना खिशातली गोड वडी वितळली म्हणतात. १९४७ला पहिली पेटी विकायला आली, ती माणसाएवढी उंच आणि ३४० किलोंची."

"बरं झालं मुलाने ती नाही पाठवली. पण मंद आच? मंद आच कुठे असते त्यात? चहाला मंद आचच लागते."

"आहे, पण फसवी. आकडा निम्म्यावर आणला की बऱ्याच पेट्यांत जोर निम्मा होत नाही. थोडा वेळ पूर्ण चालू, थोडा वेळ पूर्ण बंद. कान दिलात तर घरघर बदललेली कळते. पण तेच कामाला येतं. मोठा मग घ्यायचा, अर्धाच भरायचा. पाणी, साखर, आलं, पावडर एकत्र घालून उकळायचं. मग तापलेलं दूध घालून निम्म्या आकड्यावर मिनिटभर. चहा वर येतो, थांबला की बसतो, पुन्हा येतो. झाकून ठेवायचा नि गाळायचा. एका माणसापुरता बरा होतो."

"बरा."

"बराच. तुमच्यासारखा नाही."

"चार माणसांचा करायला गेलं तर?"

"तिथे पेटी हरते. दुप्पट पाण्याला जवळजवळ दुप्पट वेळ. पातेलं केव्हाही पुढे. ती पेटी एकट्या माणसाची, काकू."

काकूंनी पाती जुडी करून माझ्या हातात दिल्या, पण विळा काही उचलला नाही. म्हणजे मुख्य बातमी अजून यायची होती.

"एकट्या माणसाची म्हणतेस, तिथेच तर गोम आहे. काल वहिनींचा फोन आला होता. मी सहज बोलून गेले, भाऊ चहा स्वतःच करतात हो, दिवसातून तीनदा. तिकडे एकदम शांतता. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, 'लग्न झाल्यापासून हे मला सांगत आलेत की आच मला समजत नाही, दूध उतू जाईल, म्हणून तूच कर.' तेवढ्यावर या बाईने पहाटेची झोप दिली, दुपारची झोप दिली, तापातसुद्धा उठून आधण ठेवलं."

"आता आचच नाही तर समजायचं काय!"

"तेच म्हणाल्या. चहा कसा का होईना, फाटू दे, सांडू दे, पण सबब संपली. आल्यावर सकाळचा चहा भाऊंचा. तीच पेटी, तोच मग. मी म्हटलं, अहो, फुळकवणी प्यावा लागेल. तर म्हणाल्या, आयता असेल ना?"

"भाऊंना कल्पना आहे?"

"छे! त्यांना वाटतंय संक्रांतीनंतर सुटका. तू काही बोलू नकोस हं. लाकडी काडीचं सांग, आल्याचं सांग. हात बसू दे त्यांचा चांगला."

इतक्यात आतून काकांचा आवाज आला, "अहो, चार वाजले! चहाचं काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मान न वळवता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पेटीत विरजण आहे, ते आधी उचलून कपाटावर ठेवा. हलवू नका! मग मी सांगते कुठलं बटण ते."